पायवाट एका अंगाला, रूळ दुसऱ्या

आठवडाभराच्या पायी भटकंतीत मधला एक दिवस मोकळा ठेवावा, असं मुरलेले भटके आवर्जून सांगतात. टाचांना, गुडघ्यांना आणि ओल्या बुटांना तो लागतोच. पण दिवसभर खोलीत पडून राहणं प्रत्येकाला जमत नाही. अशांसाठी स्कॉटलंडमधल्या ‘वेस्ट हायलँड वे’ या वाटेवर फार सुंदर सोय आहे: आगगाडी.

ही वाट ग्लासगोजवळच्या मलगाय गावातून निघते आणि १५४ किलोमीटरवर फोर्ट विल्यमला संपते. ती १९८० मध्ये खुली झाली. बहुतेक लोक ती सात-आठ दिवसांत चालतात. लॉक लोमंड या सरोवराचा पूर्व काठ दगडांनी आणि झाडांच्या मुळांनी भरलेला आहे. पाय खरे दमतात ते तिथे. तो काठ सुटला की क्रियनलारिकच्या अलीकडे रूळ सोबतीला येतात. एका ठिकाणी तर मेंढरांसाठी ठेवलेल्या बुटक्या बोळातून, पाठीवरच्या सॅकसकट वाकून, रुळांखालून पलीकडे जावं लागतं.

पुढे टाइनड्रम ते ब्रिज ऑफ ऑर्की या टप्प्यात अठराव्या शतकातला जुना लष्करी रस्ता आणि लोहमार्ग शेजारी शेजारी जातात. बेन डोरन डोंगराच्या पायथ्याशी रूळ अचानक दरीत आत वळतात आणि नालेच्या आकाराचा वळसा घालून परत येतात. दरीवर सरळ मोठा पूल बांधायला रेल्वे कंपनीकडे पैसे नव्हते, म्हणून हा वळसा. पायी जाणाऱ्याला तो खालून दिसतो, गाडीतल्याला वरून. दोन्ही पाहावेत.

ब्रिज ऑफ ऑर्कीला मात्र दोघांची फारकत होते. पायवाट रॅनॉक मूर या अफाट दलदलीच्या माळाची पश्चिम कड धरून ग्लेन्कोच्या तोंडाशी जाते आणि डोंगर चढून किनलॉकलेव्हनला उतरते. रूळ माळाच्या पूर्वेकडच्या अंगाने जातात. दोघांची गाठ पुन्हा पडते ती थेट फोर्ट विल्यमला. म्हणजे नुसतं चालणाऱ्याला माळाचं ते दुसरं अंग दिसतच नाही. विश्रांतीच्या दिवशी गाडीने जायचं ते एवढ्यासाठी.

मुक्काम टाइनड्रमला करावा. सुमारे ८५ किलोमीटर चालून झालेले असतात. एवढ्याशा गावाला दोन स्टेशनं आहेत. खालच्या स्टेशनातून ओबानची गाडी सुटते, आपल्याला वरच्या, म्हणजे अप्पर टाइनड्रमला जायचं आहे. तिथून माळापलीकडच्या ‘कोरावर’ या स्टेशनापर्यंतचा प्रवास साधारण तासाभराचा.

या तासात खिडकीबाहेर गवत, पाण्याची डबकी आणि आभाळ यांखेरीज फारसं काही नसतं. तरी नजर हटत नाही. इथे पक्की जमीन सापडत नव्हती. तेव्हा बांधणाऱ्यांनी झाडांची मुळं, काटक्या, माती आणि राख यांचे थरांवर थर टाकले आणि त्या गादीवर रूळ अंथरले. मार्गाच्या पाहणीसाठी जानेवारी १८८९ मध्ये सात जण हा माळ पायी ओलांडायला निघाले. इन्वरओरनची खाणावळ गाठायचा त्यांचा बेत होता. त्यांच्याकडे छत्र्या होत्या, थंडी-वादळाची तयारी नव्हती. अंधारात ते विखुरले, एक-दोघे जवळजवळ गारठून गेले होते. पण सगळे वाचले. तेच इन्वरओरन आज पायवाटेवर आहे, विश्रांतीनंतरच्या दिवशी आपण त्याच्या दारावरून जातो.

काम पैशांअभावी अडलं तेव्हा जेम्स रेंटन या संचालकाने स्वतःची संपत्ती त्यात घातली. कृतज्ञ मजुरांनी एका शिळेत त्याचं डोकं कोरलं. ती शिळा रॅनॉक स्टेशनाच्या फलाटावर उभी आहे, खिडकीतून जरूर पाहा. मार्ग १८९४ मध्ये फोर्ट विल्यमपर्यंत सुरू झाला.

कोरावर हे ४०८ मीटर उंचीवरचं, ब्रिटनच्या मुख्य लोहमार्गांवरचं सर्वांत उंच स्टेशन. तिथे सार्वजनिक रस्ताच जात नाही. ‘ट्रेनस्पॉटिंग’ (१९९६) या चित्रपटातलं ते ओसाड स्टेशन हेच. दीड-दोन किलोमीटरवर लॉक ऑसियन हे सरोवर आहे. थकलेल्या पायांना तेवढं चालणं पुरे.

अनेक जण मुक्कामाचा दिवस शेवटी, फोर्ट विल्यमला ठेवतात आणि ग्लेनफिनानच्या २१ कमानींच्या पुलावरून मॅलेगला जाणाऱ्या वाफेच्या गाडीत बसतात. पूल देखणा आहे, वादच नाही. पण ती सहल वाट संपल्यावरचं बक्षीस आहे. कोरावरची सहल वाटेचाच राहिलेला भाग दाखवते, म्हणून माझं मत कोरावरला.

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. ग्लासगोहून येणाऱ्या गाडीचे क्रियनलारिकला दोन भाग होतात, एक ओबानला जातो, दुसरा फोर्ट विल्यमला. त्या बाजूने चढणार असाल तर डबा विचारून बसा. आणि या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या असतात, रविवारी त्याहून कमी. कोरावरला उतरण्यापूर्वी परतीच्या गाडीची वेळ पक्की करा. ती चुकली तर न्यायला टॅक्सीसुद्धा येऊ शकत नाही.