‘कट्’ आवाज आला म्हणजे सांधा सुटला?

हनुवटी तळहातात, मान डावीकडे, एक झटका आणि ‘कट्’. टेबलावरचा माणूस सुस्कारा सोडतो आणि हसत उठतो. असे व्हिडिओ सध्या मोबाइलवर पुरासारखे येतात. उरणमध्ये ते पाहणाऱ्यांना ते आपलेसे वाटले तर नवल नाही, कारण इथे सांधे धरायला निमित्त शोधावे लागत नाही. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९मध्ये सुरू झाले, तेव्हापासून कंटेनरचे ट्रेलर चालवणाऱ्यांच्या कमरा तासन्‌तास रांगेत आखडत आल्या आहेत. त्याआधीच्या पिढ्यांचे आयुष्य मिठागरात आणि खारजमिनीतल्या भातात वाकण्यात गेले. करंजाची मासळी विकणारी बाई आजही टोपलीमागे उकिडवी बसते. उठताना आधी एक हात जमिनीला टेकतो, दुसरा गुडघ्यावर जातो, मग तोंडून ‘आई गं’ येते आणि मग कुठे ती उभी राहते.

अशा दुखण्यावर तेल, शेक, मेडिकलमधली गोळी आणि गावोगावचा हाडवैद्य हे जुने उपाय. त्यांत आता कायरोप्रॅक्टिकची भर पडली आहे. जानेवारी २०२४मध्ये लोकल उरणपर्यंत आली आणि बेलापूर-नेरूळकडचे दवाखाने अगदी हाताशी आले. तेव्हा हा उपचार नेमका काय आहे आणि कोणत्या सांध्याला तो चालतो, हे आधी समजून घेतलेले बरे.

त्याची सुरुवात सप्टेंबर १८९५ची, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावातली. चुंबकीय उपचार करणाऱ्या डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा केला. कानाची नस मणक्यातून जातच नाही, त्यामुळे वैद्यकाने हा दावा कधी पचवला नाही. बहुतेक रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यात असते, हे पामर यांचे मतही टिकले नाही. टिकली ती हाताची कला. मणक्यावर किंवा सांध्यावर ठरावीक दिशेने दिलेला छोटा, वेगवान दाब, हे आजही या उपचाराचे मुख्य हत्यार आहे.

आणि तो आवाज? हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५मध्ये बोटे ओढून एमआरआयखाली हे चित्रित केले. बोटे मोडल्याने संधिवात होतो, ही आजीची धमकीही खरी ठरलेली नाही. डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरने सुमारे साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली आणि शेवटी दोन्ही हात ताडून पाहिले. संधिवात कुठल्याच हातात नव्हता. या खटाटोपाबद्दल त्यांना २००९मध्ये इग नोबेल मिळाले.

मग या दाबाने आराम पडतो का? कंबरदुखीत पडतो, पण बेताचा. डिसेंबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मणक्यावरच्या हस्तोपचाराला जागा आहे, पण व्यायाम आणि इतर उपायांच्या जोडीने. ट्रेलर चालवून कंबर धरलेल्याला त्याचा उपयोग होऊ शकेल. झिजलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी. तिथे हाताने केलेल्या उपचाराने काही काळ हालचाल मोकळी होते, दुखणे थोडे उतरते, पण झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. ‘वंगण भरून देतो’ असे कुणी सांगितले तर पैसे खिशातच ठेवावेत.

खरी मेख आहे ती कुठला संधिवात आहे हे ओळखण्यात. सगळे दुखणे ‘वात’ या एकाच गाठोड्यात बांधायची आपली सवय इथे नडते. १९९६मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस केली. सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे निघाले. त्यांत झिजेचा संधिवात होता सहा टक्क्यांच्या आसपास, तर आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड, साधारण दोनशेत एकाला. संख्या लहान, पण हातघाईचा उपचार सर्वांत महागात पडतो तो याच लोकांना.

एक साधी खूण सकाळची. झिजेचा सांधा उठल्यावर आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत वाहता होतो. तासभर किंवा जास्त वेळ बोटे वळत नसतील, दोन्ही हातांचे सांधे सुजून गरम लागत असतील, तर आधी रक्ततपासणी आणि संधिवाततज्ज्ञ. आमवातात मानेच्या वरच्या दोन मणक्यांना बांधणारे अस्थिबंध सैल पडू शकतात. तिथे झटका दिला तर मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये मणके एकमेकांना जुळून ठिसूळ होतात, तिथे हाड मोडू शकते. ठिसूळ हाडांच्या म्हाताऱ्या माणसांनाही झटका नको. धडधाकट माणसाच्या मानेलाही झटक्याने रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. दुर्मीळ, पण आहेत.

चिकनगुनियानंतरची सांधेदुखी हे आणखी एक प्रकरण. २००६च्या साथीत महाराष्ट्राने ती पाहिली. ताप आठवड्यात जातो, सांधे महिनोन्‌महिने कुरकुरतात. त्यांनाही झटका नव्हे, वेळ, औषध आणि हलका व्यायाम लागतो.

भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वेगळी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे शहानिशा रुग्णानेच करायची: शिक्षण कुठे झाले, आधी तपासणी आणि पूर्वीचे आजार विचारले का, मानेला झटका न देता काम होईल का. पहिल्याच भेटीत वीस बैठकांचे पॅकेज पुढे सरकवणाऱ्याला नमस्कार करावा.

झिजलेल्या गुडघ्यासाठी ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, तो उपाय मात्र चित्रफितीत दाखवण्यासारखा नाही. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, मांडीचा पुढचा स्नायू घट्ट झाला की पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. दहा वेळा, दिवसातून दोनदा. हा स्नायू भक्कम झाला की सांध्यावरचा ताण कमी होतो. वजनाचेही तसेच: एक किलो उतरले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. मासळीच्या पाटीमागे उकिडवे बसण्याऐवजी उंच पाट किंवा स्टूल घेतला, तर तेवढाच भार आणखी हलका. व्यायाम सुरू केल्यावर थोडे दुखणारच. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकले तर दहाचे पाच करायचे, बंद करायचे नाहीत. एवढे करूनही रात्रीची झोप उडत असेल, तर सांधेबदल शस्त्रक्रियेचा विचार करायला अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. तिच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने ऑगस्ट २०१७पासून मर्यादा घातली आहे.