चिपाडाची वीज झाली, कोपीत मात्र अंधारच!

साखर कारखान्यात उसाचा रस निघाल्यावर जे चिपाड उरते, ते एक टन उसामागे पाव टनाहून अधिक भरते. वनस्पतीने सूर्यप्रकाशातून साठविलेली ही ऊर्जा म्हणजेच बायोमास. चिपाड बॉयलरमध्ये जळते, उच्च दाबाची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते. कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज महावितरणला विकली जाते. मळीही वाया जात नाही. ती यीस्टने आंबवून, ऊर्ध्वपातन करून, पाण्याचा अंश काढला की इथेनॉल तयार होते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले.

उसाच्या टाकाऊ भागालाही दाम आला. तो कुणाच्या पदरात पडला?

कायदा पाहू. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार शेतकऱ्याला एफआरपीची हमी आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊस दर कायद्याने साखरेबरोबर बगॅस, मळी व प्रेसमडचे उत्पन्नही शेतकऱ्याच्या वाट्यासाठी हिशेबात धरले. हे योग्यच झाले. पण तोच ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरणारा या हिशेबात कुठे आहे? त्याची मजुरी टनावर, आणि तीही संघटना व साखर संघाच्या करारावर ठरते. शिवाय मुकादमाची उचल फेडता फेडता हंगाम सरतो.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून फडावर येणाऱ्यांत भूमिहीन दलित, भटके-विमुक्त मोठ्या संख्येने आहेत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पहाटे कोपीबाहेर तीन दगडांच्या चुलीवर आमची बहीण भाकरी थापते. तिच्या चुलीत जळते तेही बायोमासच! कारखान्यात त्याची वीज होते, तिच्या वाट्याला धूर येतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचा विषयही त्यांच्याकडेच होता. स्वस्त आणि मुबलक वीज हे त्यांनी दारिद्र्य हटविण्याचे साधन मानले. मग वीज देणारा ऊस तोडणारेच अंधारात का?

म्हणून पुढच्या करारात दोन मागण्या ठणकावून मांडल्या पाहिजेत. वीज व इथेनॉलच्या उत्पन्नात तोडणी कामगाराचा वाटा लेखी ठरावा आणि प्रत्येक तळावर वीज व धूरविरहित चूल मिळावी. ही भीक नव्हे, घामाचा हक्क आहे. चळवळीच्या कार्यकर्त्यांनो, यंदा फडावर जा आणि हा हिशेब मजुरांना समजावून सांगा.

जयभीम!