जॅकखालची काळी

पन्नास टनी क्रेन पन्नास टन उचलते, असा ठेकेदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा समज असतो. उचलते, पण बूम पूर्ण आत ओढलेला, चारही जॅक पूर्ण बाहेर काढलेले आणि ओझे क्रेनच्या फिरत्या मध्यापासून जेमतेम तीन मीटरवर असेल तेव्हा. इतक्या जवळ काही उचलायची वेळ सहसा येतच नाही. पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस वीस मीटर पलीकडे असतो, आणि तिथे हीच क्रेन पाच टनांच्या आसपास येते. कमरेवरची भरली घागर हात लांब करून धरून पाहावी, म्हणजे हे गणित कळते.

केबिनमधला लोड चार्ट हेच सांगतो. एका बाजूला अंतर, दुसऱ्या बाजूला बूमची लांबी, आणि दोन्ही जुळतात त्या घरात वजनाचा आकडा. त्यातूनही हूक ब्लॉक, वायररोप, पट्टे, शॅकल यांचे वजन वजा करायचे. उरते ते आपल्या ओझ्यासाठी. ओझे दोन पट्ट्यांत धरले आणि प्रत्येक पट्टा आडव्या रेषेशी ६० अंशांवर असला, तर एका पट्ट्यावर ओझ्याच्या ५८ टक्के ताण येतो. पट्टे आखूड पडले आणि कोन ३० अंशांवर आला, की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण ओझ्याइतका ताण. ओझे तेच, पट्टा तोच. तुटतो तो कोनामुळे.

हे सगळे शिकता येते, आणि क्रेन चालवणारे चांगले उस्ताद ते हेल्पर असतानाच शिकतात. पण चार्टच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक अट असते : क्रेन घट्ट आणि सपाट जमिनीवर उभी आहे, असे धरून हे आकडे दिले आहेत. बिदर-कलबुर्गीत खरा घोळ या ओळीत आहे.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूला काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि वरून ती दगडासारखी टणक लागते. मृगाच्या दोन पावसांनंतर तिच्यात बैलगाडीचे चाक रुतते. आता हिशेब करू. क्रेनचे स्वतःचे वजन चाळीस टन, ओझे दहा टन, एकूण पन्नास. बूम एका कोपऱ्याकडे फिरला, की या पन्नासातले तीन चतुर्थांश वजन, म्हणजे सुमारे ३७ टन, एकट्या त्या कोपऱ्याच्या जॅकवर येऊ शकते. जॅकचे पाऊल चाळीस सेंटिमीटर लांब-रुंद धरले, तर चौरस मीटरला २३० टनांहून जास्त दाब झाला. ओल्या काळीवर चौरस मीटरला पाच-दहा टनांपलीकडे भरवसा ठेवू नये. जॅकखाली दीड मीटर लांब-रुंद पाट घातला तरी दाब सोळा टनांवर राहतो. दोन मीटरचा घातला, तर नऊवर येतो, आणि तेव्हा कुठे विचार करण्याजोगी गोष्ट होते. सागाच्या किंवा साल लाकडाच्या ठोकळ्यांचा, वर लोखंडी पत्रा टाकलेला पाट किती जण सोबत बाळगतात, हे साइटवर एकदा पाहून यावे.

त्याऐवजी इकडे सर्रास हाताला लागते ती शहाबादी फरशी. शहाबाद, चित्तापूर, सेडम हा चुनखडीचा पट्टा. वाडी, मळखेड, सेडमचे सिमेंट कारखाने याच दगडावर उभे आहेत. फरशी दाबाला खंबीर, पण वाकवली की काचेसारखी तडकते. खालची माती थोडी जरी खचली, तरी जॅकखालची फरशी वाकू पाहते आणि मोडते, तीही आवाज ऐकून सावरायला वेळ न देता. अंगणाला उत्तम असलेला दगड जॅकखाली घालू नये.

बिदर शहराची तऱ्हा वेगळी. ते जांभ्याच्या पठारावर वसले आहे आणि वरून जमीन भक्कम वाटते. पण बहामनी काळात याच जांभ्यात भूमिगत पाण्याचे करेझ खोदले गेले. नौबादजवळचा करेझ तर जमिनीखालून सुमारे तीन किलोमीटर जातो आणि त्यावर जागोजागी उभे हवा-झरोके आहेत. खाली पोकळी, वर क्रेनचा एक जॅक : पंधराव्या शतकातल्या कारागिरांनी याचा विचार करण्याचे काही कारण नव्हते, पण आजच्या उस्तादाला आहे. नवे चर, पाइपलाइनची भरलेली खोदाई, शोषखड्डे, जुने आड यांनाही हेच लागू. गावातल्या म्हाताऱ्याला विचारणे हा इथला सर्वांत स्वस्त भूस्तर-अहवाल.

नव्या क्रेनमध्ये भार दाखवणारा संगणक असतो, मर्यादा ओलांडली की तो भोंगा वाजवतो. ओझे आणि बूमचा कोन त्याला कळतो, जमिनीचे बहुतेकदा काही कळत नाही. क्रेन एक अंश कलली, तर तीस मीटर बूमचे टोक अर्धा मीटर बाजूला जाते, आणि कलणे थांबले नाही तर पुढचे सांगायला नको.

२२ जानेवारी २०२३ च्या रात्री तमिळनाडूत अरक्कोणमजवळच्या कीळवीदी गावी देवीच्या उत्सवात हार घालण्यासाठी माणसांना क्रेनने वर नेले होते. क्रेन उलटली, चौघे गेले. जमीन असमान होती, असे बातम्यांत आले. आपल्याकडेही निवडणुकीत सफरचंदांचा, उसाचा किंवा फुलांचा अवाढव्य हार क्रेनला लटकवण्याची हौस वाढली आहे. हार हलका असतो, हे खरे. पण खाली शेकडो माणसे आणि ओझ्याखाली कोणी उभे राहू नये हा पहिला नियम, यांचा मेळ कसा घालायचा? माणसे उचलण्यासाठी ही क्रेन बनवलेलीच नाही.

साइटवर मराठी, कन्नड, दखनी, तेलुगू आणि बिहारची हिंदी एकदम चालते. म्हणून तोंडापेक्षा हाताची खूण खरी. इशारा देणारा एकच माणूस हवा. बोट वर करून गोल फिरवले की ओझे वर, बोट खाली करून फिरवले की खाली. जुने खलाशी वर-खालीसाठी अजूनही अनुक्रमे ‘हाबिस’ आणि ‘आरिया’ म्हणतात. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावे, आणि उस्तादाने थांबावे.

विजेच्या तारांचे वेगळे. शेतातल्या ११ केव्हीच्या तारांना उन्हाळ्यात आणखी झोळ पडतो. पन्नास केव्हीपर्यंत बूम तीन मीटरच्या आत नेऊ नये, विजेचा दाब जास्त तर अंतर जास्त. त्याहून बरे म्हणजे वीज कंपनी जेस्कॉमकडून लाइन बंद करून घेणे. तरी तार लागलीच, तर केबिनमध्ये बसून राहावे. आग लागली तरच, दोन्ही पाय जोडून, क्रेन आणि जमीन एकाच वेळी न शिवता उडी मारावी.

कारखान्याच्या फाटकाआत २०२५ पर्यंत १९४८ चा कारखाने कायदा होता. त्याच्या २९ व्या कलमानुसार उचलयंत्राची वर्षातून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी लागे. फाटकाबाहेर, गावातल्या कामावर, असले कोणी विचारत नाही. ट्रकचा परवाना ट्रक चालवण्यापुरता असतो. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलसारख्या संस्था ऑपरेटरांना प्रमाणपत्र देतात, पण भाड्याने क्रेन घेणारा ते मागतो कुठे?

तो भाव मागतो. भाडे तासावर, आणि क्रेन गॅरेजमधून निघाल्यापासून. म्हणून पाट मांडायला लागलेला अर्धा तास फुकट गेला असे सगळ्यांना वाटते आणि “उस्ताद, दोनच मिनिटांचं काम हाय” ही विनवणी सुरू होते. अमेरिकेत २०१० च्या नियमांनी जमीन पक्की करून देण्याची जबाबदारी साइट चालवणाऱ्यावर टाकली. आपल्याकडच्या भाडेपट्टीवर अशी दोन वाक्ये हाताने लिहायला काही खर्च नाही : जमीन क्रेन भाड्याने घेणाऱ्याने दाखवायची आणि पक्की करायची, उस्तादाने नाही म्हटले, तर त्या तासाचेही भाडे द्यायचे.