रंगाचा उरलेला डबा

नवरात्र पंधरा दिवसांवर आले की माढ्यात घरोघरी गोधड्या-वाकळा धुवायला निघतात, भांडीकुंडी अंगणात येतात आणि मग नजर जाते ती भिंतींकडे. माढेश्वरीच्या उत्सवाला लेकी-जावई येणार, घट बसणार. घर कसे लख्ख दिसायला हवे! पूर्वी हे काम सोपे होते. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद. मातीचा पोतारा द्यायचा, चुन्यात थोडी नीळ घालून हात मारायचा, दाराच्या कडेने गेरूची पट्टी ओढायची. उरलेली माती, उरलेला चुना अंगणात टाकला तरी फारसे बिघडत नसे.

आता सिमेंटच्या भिंती आल्या, त्यांच्यावर डिस्टेंपर आणि दारांवर ऑइलपेंट आला. रंग बदलले, सवयी मात्र जुन्याच राहिल्या. ब्रश मोरीत धुवायचा, उरलेले थिनर परसात ओतायचे आणि डबा उकिरड्यावर फेकायचा. कमी पावसाच्या आपल्या तालुक्यात विहीर आणि बोअर हा मोठा आधार. परसात ओतलेले थिनर मातीतून झिरपत त्याच पाण्याकडे जाते, याचा विसर पडून कसे चालेल?

म्हणून पहिली काळजी खरेदीच्या वेळीच घ्यावी. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दारे-खिडक्या वजा जाता ४०० धरा. भिंत गुळगुळीत असेल तर एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १०० ते १४० चौरस फूट होतात. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो. म्हणजे दोन हातांना सात लिटरच्या आसपास रंग पुरे. 'असू दे घरात' म्हणून वीस लिटरची बादली आणली की तेरा लिटर माळ्यावर जाऊन बसतात.

दुसरी काळजी जुन्या रंगाची. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे सर्रास असे. लहान मुलांच्या मेंदूला ते अपाय करते आणि त्याची 'इतके चालेल' अशी सुरक्षित मात्रा सापडलेली नाही. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे २०१६ मध्ये नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग ही मर्यादा आली. तेव्हा वाड्याचे जुने दार कोरडे खरवडू नका. पाणी लावून पॉलिश पेपरने घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, तोंडाला मास्क लावा. लहान मुले आणि गरोदर बाईला त्या दिवशी शेजारी पाठवा. पडलेले पोपडे केरसुणीने झाडू नयेत, धूळ घरभर उडते. ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधावेत.

चुना देणाऱ्यांनीही जपावे. कळीचा चुना पाण्यात थोडाथोडा टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो खदखदून अंगावर उडतो. जर्मनच्या भांड्यात तो भिजवू नये, लोखंडी घमेले बरे. डोळ्यात शिंतोडा गेलाच तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि लगेच डॉक्टर गाठावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जवस आपल्याकडे चटणीसाठी घरोघरी असतो. त्याचे तेल रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्येही वापरतात. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून वाळते आणि वाळताना तापते. तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला, तर काडी न लावताही पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात.

आता उरलेल्या रंगाचे काय? आधी तो संपवावा. न्हाणीची भिंत, कंपाउंड, जुनी ट्रंक अशी कामे निघतातच. तरीही पाण्याचा रंग उरला, तर त्यात वाळू किंवा भुसा कालवून डबा उघडा ठेवावा. आपल्या उन्हात दोन-चार दिवसांत त्याचा दगड होतो. ब्रश आधी रद्दी कागदावर पुसावा, मग बादलीतल्या थोड्या पाण्यात धुवावा; ते पाणी पसरट घमेल्यात उन्हात आटू द्यावे. थिनर झाकून ठेवले की गाळ तळाशी बसतो, वरचे निवळ पुन्हा कामाला येते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. तेव्हा वाळलेला रंग, गाळ आणि डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे बांधून नगरपंचायतीच्या गाडीवर सांगून द्यावेत. जाळू मात्र नयेत.

आणि ती रिकामी बादली! ती फेकायला कोणाचा जीव होत नाही. खुशाल वापरा, पण फरशी पुसायला. पिण्याचे पाणी, पीठ, आंबोण तिच्यात नको. गुरांना डबे चाटायची खोड असते आणि जुन्या रंगाच्या डब्यांतून त्यांना शिशाची विषबाधा होते. सणाला बैलांची शिंगे रंगवतानाही माळ्यावरचा जुना ऑइलपेंट काढू नका. गेरू आहे की!

रंगकाम संपले असे आपण भिंत वाळली की म्हणतो. खरे तर शेवटचा डबा नीट मार्गी लागला की ते संपते. घट बसवताना आपण शेतातली माती आणतो, तीत धान्य पेरतो, विहिरीचे पाणी शिंपडतो. भिंत उजळवताना ती माती आणि ते पाणी नासले नाही, तर घरात आलेली देवीही प्रसन्न होईल आणि अंगणात खेळणारी नातवंडेही.