दारू सोडायचीय? एए मीटिंग फोनवर कशी शोधायची आणि ओळख कशी जपायची

दोन वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता माझ्या रूममेटने विचारलं, "ती दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते ना, ती कुठे भरते रे?" (त्याला विचारूनच लिहितोय.) मी लगेच फोन काढला आणि पाच मिनिटांत त्याला ऑनलाइन मीटिंगची लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी तो जॉईन झाला आणि अर्ध्या मिनिटात बाहेर पडला. झूममध्ये ऑफिसचं अकाउंट लॉग-इन होतं. सगळ्यांसमोर त्याचं पूर्ण नाव, पुढे कंपनीचं नाव आणि आयडी कार्डवरचा फोटो!

पुन्हा हिंमत करायला त्याला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत पिणं वाढलंच. लिंक मी दिली होती, पण सेटिंग बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

एए म्हणजे नक्की काय?

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजेच एए, 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झालं. दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात आणि आपापले अनुभव सांगतात, एवढंच. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा ही एकच अट. 'अनॉनिमस' म्हणजे निनावी. तिथे फक्त पहिलं नाव सांगतात, आडनाव कोणी विचारत नाही.

मीटिंग शोधायची कशी?

1. क्रोममध्ये इन्कॉग्निटो टॅब उघडा, म्हणजे फोनच्या हिस्ट्रीत सर्च राहणार नाही. घरात एकच फोन दोघं-तिघं वापरत असाल तर हे आधी करा.

2. नुसतं "दारू कशी सोडावी" असं सर्च केलं तर वरती बऱ्याचदा खासगी केंद्रांच्या जाहिराती येतात. 'प्रायोजित' असं लिहिलेलं दिसलं तर खाली स्क्रोल करा आणि एए इंडियाची अधिकृत वेबसाइट शोधा. मीटिंगसाठी कोणी पैसे मागितले तर ती एए नाही.

3. मॅपवरच्या पिनवर विसंबू नका. मीटिंग शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरते आणि बाहेर पाटी असेलच असं नाही. निघण्याआधी हेल्पलाइनवर फोन करून वेळ आणि जागा पक्की करा.

4. ऑनलाइन मीटिंग निवडताना भाषा बघा, आणि वेळ भारताची आहे ना तेही बघा.

5. 'ओपन' मीटिंगला कोणीही येऊ शकतं, मित्र किंवा घरचेसुद्धा. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात.

जॉईन होण्याआधी ही सेटिंग करा

- झूममधून साइन-आउट करा. मग लिंक उघडली की ॲप नाव विचारतं, तिथे फक्त पहिलं नाव टाका. कॅमेरा बंद ठेवूनच आत जा. ऑफिसचा लॅपटॉप अजिबात नको.
- व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्यामुळे प्रायव्हसीमध्ये जाऊन प्रोफाइल फोटो 'माझे संपर्क' वर ठेवा.
- लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर दिसणार नाही असं सेटिंग करा.
- गूगलची टाइमलाइन चालू असेल तर बंद करा.
- मीटिंगमध्ये ऐच्छिक वर्गणी गोळा होते. द्यायलाच हवी असं नाही. द्यायची असेल तर रोख द्या, कारण यूपीआयवर पूर्ण नाव जातं.

आत काय होतं?

मी रूममेटसोबत एका ओपन मीटिंगला गेलो होतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, रिक्षावाले काका, बँकेतल्या मॅडम आणि आमच्याच वयाची दोन पोरं. एकेक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी सल्ला देत नाही. बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं. "आयुष्यभर पिणार नाही" अशी शपथ कोणी घ्यायला लावत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढाच हिशोब.

हे मात्र लक्षात ठेवा

मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे आधी डॉक्टरांना भेटा. व्यसनमुक्तीसाठी सरकारची 14446 ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे. मन फार खचलं असेल तर टेलि-मानसचा नंबर 14416. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे, तिथे दाखल होऊन उपचार घेता येतात.

रूममेट अजून दर गुरुवारी जातो. मध्ये एकदा घसरला, पुन्हा गेला, आणि तिथे कोणी "का प्यायलास?" असं विचारलं नाही. ज्याला गरज आहे असा कोणी ओळखीचा असेल तर ही लिंक ग्रुपवर टाकू नका. त्याला एकट्यालाच पाठवा, आणि "सोबत येऊ का?" एवढं विचारा.