कुंड्या किती, आणि गुण किती

सकाळी आठ. दिवाणावर प्रोजेक्टच्या फायलींचा गठ्ठा पडलाय, त्यातली एकही माझ्या कॉलेजची नाही. नियमच तसा: आपल्या पोरांचं काम आपण तपासायचं नाही. बुऱ्हाणपूर-नेपानगरकडच्या चार कॉलेजांतले आम्ही इतिहास-समाजशास्त्राचे शिक्षक हे प्रोजेक्ट एकाच रुब्रिकवर, म्हणजे गुण देण्याच्या निकषांच्या तक्त्यावर, तपासून बघतोय. वरून आदेश नाही. आमची कॉलेजं आधी इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाला जोडलेली होती, आता खरगोनच्या टंट्या भील विद्यापीठाला. गुणांची तऱ्हा तीच. एका कॉलेजात फाइल दिली की गुण ठरलेले, दुसऱ्यात हात इतका आखडता की पोरं नवस बोलतात.

दहाला बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळच्या एका स्टाफरूममध्ये जमतो. नाव, रोल नंबर, कॉलेज यांवर कागदी पट्ट्या चिकटवून होईपर्यंत चहा येतो.

साडेदहा ते साडेबारा, म्हणजे दिवसातला खरा वेळ. सगळ्यांनी एकच फाइल वाचायची, न बोलता गुण लिहायचे आणि कागद एकदम उघडायचे. प्रश्न, पुरावा, मांडणी, निष्कर्ष, भाषा अशा पाच रांगा, प्रत्येकीला १ ते ४. ही रीत आमची नव्हे. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या संघटनेने २००९ साली ‘व्हॅल्यू’ नावाची रुब्रिक्स काढली. पुढे नऊ राज्यांतल्या कॉलेजांनी विद्यार्थ्यांचं रोजचं काम त्यांवर तपासून घेतलं, तेही आधी एकत्र सराव करून. आम्ही तिथून सराव उचलला. त्यांच्या रांगा इथे जशाच्या तशा चालल्या नसत्या.

आजची फाइल कुंडी भंडाऱ्यावर. १६१५ सालची, मुघल सरदार खानखानान रहीमच्या काळातली ही पाण्याची योजना: सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने बुऱ्हाणपूर शहराकडे यायचं आणि कुंड्या म्हणजे त्या बोगद्यावर उघडणारी विहिरीसारखी तोंडं. अक्षर तिरपं, शुद्धलेखनाचा आनंदीआनंद, शेवटी संदर्भसूची नाही. पण पोराने लिहिलंय की कुंड्यांचा आकडा कुठे १०१, कुठे १०३, कुठे १०८ सापडतो, म्हणून तो स्वतः मोजायला निघाला. सापडलेल्या कुंडीला नकाशात भरीव ठिपका. शेतात बुजलेली किंवा कुणी फक्त हात करून दाखवलेली असेल तर पोकळ. खाली लिहिलंय, ‘पोकळ ठिपके मी पाहिलेले नाहीत.’

‘पुरावा’ रांगेत कागद उघडले: १, ४, २, ४.

“सूचीच नाही, मग पुरावा कसला, मॅडम?” नेपानगरचे सर म्हणाले.

“सर, सूची सायबर कॅफेवाला पण टाइप करून देतो. हा पोरगा उन्हात फिरलाय.”

अर्धा तास जुंपली. खोट रुब्रिकमधल्या आमच्याच वाक्यात निघाली: ‘पुरेसे संदर्भ दिले आहेत’ असं लिहिलं, तर सरांचा १ बरोबरच ठरतो. वाक्य बदललं: ‘माहिती कुठून आली हे कळतं, आणि ती तपासून पाहिल्याचं दिसतं.’ सरांनी १ चा ३ केला. चार द्यायला मन होईना. मलाही तीन पटले, कारण कुठल्या दिवशी आणि कुणासोबत फिरला हे त्याने लिहिलेलं नाही. म्हणूनच रुब्रिकची नुसती छापील शीट चारही कॉलेजांत वाटून मोकळं होण्यात काही अर्थ नाही, हे मी प्राचार्यांना सांगून थकले. त्यांना शीट पाहिजे असते, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीत लावायला.

जेवण. दराबा, इथली मिठाई, कुणीतरी आणलेला. त्याला रुब्रिक लागलं नाही.

दुपारी पटापट. प्रत्येक फाइल दोघांकडे. दोन किंवा जास्त गुणांचा फरक पडला की तिसऱ्याकडे. तीनच्या सुमारास पॉवरलूमवरच्या तीन गुळगुळीत, रंगीत फायली एकापाठोपाठ निघाल्या. परिच्छेद तेच, स्वल्पविरामही त्याच चुकीच्या जागी. पट्ट्या उचलल्या, तर तीन वेगवेगळी कॉलेजं. आपापल्या कॉलेजात तिन्ही फायलींना भरघोस गुण पडले असते आणि कुणाला पत्ता लागला नसता.

साडेचार. ‘भाषा’ रांग अजून सुटत नाही. पोरांच्या घरी मराठी, उर्दू, निमाडी, कोरकू, लिहायचं हिंदीत. मला ती रांग काढूनच टाकावीशी वाटते, बाकीच्यांना नाही. सरांची गाडी होती. तिसऱ्या वाचनाच्या फायली त्यांनी पिशवीत घातल्या, आणि भाषेवरचं भांडण पुढच्या बैठकीला, नेपानगरला, असं ठरलं.