फी माफ झाली, पण गाडीभाड्याचं काय?

खर्ड्यात तरावीहची नमाज आटोपली की मशिदीबाहेर चहाबरोबर गप्पा रंगतात. परवा विषय निघाला जकातीचा. एक चाचा म्हणाले, "जकात गरिबाच्या चुलीसाठी असते. कॉलेजची फी भरायला सरकार आहे की!" इफ्तारला आलेले आमचे निवृत्त गुरुजी अजून बसलेच होते. ते म्हणाले, "सरकार फी माफ करतं, चाचा. पण गाडीभाडं, खोली, मेस?"

गुरुजींचं बरोबर आहे. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय पद्धतीने प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. घरचं वार्षिक उत्पन्न मात्र ८ लाखांच्या आत हवं. बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी हेही ओबीसीतच येतात. पण दाखला काढलेला असेल तर! आपल्याकडे बारावीचा निकाल लागला की मग वडिलांच्या शाळेचा दाखला शोधायला पेटी उघडतात.

दुसरी अडचण रस्त्याची. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी आपल्याच जामखेड तालुक्यात. त्यांच्या नावाच्या योजनेत एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंत मिळतो. पुढे सवलत असते, पण पदरचे पैसे घालावे लागतातच. खर्ड्याहून जामखेडला रोज जाऊन येता येतं. बार्शी किंवा नगरला शिकायचं तर खोली घ्यावी लागते. मोलमजुरीच्या घरात तिथेच बेत मोडतो, आणि आधी मोडतो तो मुलीचा.

ही गोष्ट जुन्या लोकांना नेमकी कळली होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभी केली, १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटीही काढली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि 'कमवा आणि शिका'ची वाट घालून दिली. दोघांनीही आधी भाकरीची आणि झोपायच्या जागेची सोय पाहिली.

चाचांची शंका धर्माची होती, ती उडवून लावण्यासारखी नाही. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे लाखाला अडीच हजार, जकात. हनफी मतानुसार ती गरजवंताच्या मालकीची व्हावी लागते. त्यामुळे जकातीतून वसतिगृहाच्या भिंती उभारता येत नाहीत. पण गरजू विद्यार्थ्याच्या हातात मेसचे पैसे ठेवता येतात. तोही गरीबच की! आणि सदक्याला तर धर्माचीही अट नाही; शेजारच्या वस्तीतल्या मुलीचा पास त्यातून निघू शकतो.

माझं मत विचाराल तर हातात एकदम मोठी रक्कम देऊन फोटो काढण्यापेक्षा दहा महिने पास आणि मेस भरणं बरं. शिष्यवृत्ती खात्यावर येईपर्यंत मुलगी घरी परत यायला नको.

गुरुजींनी गणपती मंडळाच्या वर्गणीतून दोन पास काढून देण्याची तयारी दाखवली. चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग कप खाली ठेवत म्हणाले, "महिन्याचा पास केवढ्याला पडतो? उद्या जामखेडला चाललोय, आगारात विचारून येतो."